येझदीचा क्लच आणि वॉशरचा ‘इलाज’ : खुलासा

जुन्या जावा-येझदी मोटारसायकलचा क्लच घसरत असेल (इंजिन जोरात फिरतं, पण गाडी तेवढी ओढत नाही) तर ‘स्प्रिंगांखाली एकेक वॉशर टाका, काम झालं’, असा सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. तो चुकीचा आहे. या गाड्या बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्या आता जपूनच वापरायला हव्यात.

वॉशरने स्प्रिंगचा दाब वाढतो, घसरणं काही दिवस थांबतंही. पण क्लचची झिजलेली प्लेट झिजलेलीच राहते. लिव्हर दगडासारखा जड होतो, केबल लवकर तुटते. स्प्रिंगच्या वेटोळ्यांना जागाच उरली नाही, तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना खडखडतो.

आधी केबलचा मोकळा खेळ, म्हणजे लिव्हर दाबताना सुरुवातीला लागणारी ढिलाई, बघा. या गाडीत गिअरचा पेडल पायाने दाबला की क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे ॲडजस्टमेंट जरा घट्ट राहिली तरी तो घसरतो. खूपदा दुखणं एवढंच असतं!

मग क्लच उघडा. स्टीलची प्लेट जाड काचेवर ठेवा आणि कडेला बोटाने दाबा. डुलली तर ती वाकलीय, बदला. बास्केटच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या वाटीच्या) दातांवर नख फिरवा. खाच लागली तर नव्या प्लेटाही तिथेच अडकणार. घर्षणाच्या प्लेटांवरचे कॉर्क गुळगुळीत, काळे पडले असतील तर सँडपेपरने घासत बसू नका, प्लेटा बदला. नव्या प्लेटा बसवण्याआधी रात्रभर गिअर ऑइलमध्ये बुडवून ठेवा. क्लच ओला आहे, गिअरबॉक्सच्याच तेलात फिरतो. पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-टी (2T) ऑइलचा त्याच्याशी संबंध नाही.

स्प्रिंगा दबून आखूड झाल्या असतील तर पूर्ण संच नवा घाला.