साडेतीन किलो रताळी आणि एक फोटो

बेळगावला आत्याकडे आठ दिवसांसाठी आलो, तेव्हा गणपत गल्ली आणि खडे बाजार या भागातले रोजचे जगणे कोणालाही न कळू देता टिपायचे, असा निश्चय मी कॅमेऱ्यासोबत पुण्याहूनच आणला होता.

ही कल्पना आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराची. ५० मिलिमीटरची लेन्स वापरायची, फ्लॅशला हात लावायचा नाही आणि कॅमेऱ्याचे चकचकीत भाग कोणाच्या डोळ्यांत भरू नयेत म्हणून त्यांवर काळी चिकटपट्टी लावायची, अशी त्यांची पद्धत होती. मी ती पट्टी इतक्या निष्ठेने लावली की गल्लीच्या तोंडाशी कोथिंबीर विकणाऱ्या पहिल्याच मावशींनी कळवळून विचारले, "कॅमेरा फुटलाय काय ओ?" शेजारच्या मामांनी दुरुस्तीचे दुकान सांगितले, पलीकडच्याने ते कधीच बंद पडल्याचे सांगितले, आणि ज्या गर्दीत मी दिसेनासा होणार होतो ती गर्दी माझ्याभोवतीच जमली.

या लेन्सला झूम नसतो. चेहरा चौकटीत भरायचा तर दोन-तीन पावलांवर जाऊन उभे राहावे लागते, आणि बाजारात इतक्या जवळ येऊन उभा राहणारा माणूस गिऱ्हाईकच असतो. रताळी विकणाऱ्या आजींच्या हातांवरची आणि रताळ्यांवरची लाल माती अगदी एका रंगाची दिसत होती. मी वाकलो, तोच त्यांनी पदर सावरला, हात मांडीवर घेतले आणि लग्नाच्या फोटोला बसावे तशा त्या ताठ बसल्या. "आजी, तुम्ही आपलं काम करा," असे मी म्हणालो. "तेच की," म्हणत त्यांनी तराजूत रताळी घातली. मनासारखा फोटो मिळेपर्यंत साडेतीन किलो झाली.

पुढे ब्याडगी मिरचीचा ढीग होता. ही सुरकुतलेली मिरची रंगाला गडद आणि तिखटाला बेताची, हे मला ठाऊक होते. शेजारीच दुसऱ्या, चांगल्या जहाल जातीचे पोते रिकामे होत आहे, हे ठाऊक नव्हते. शटर १/६० सेकंदावर ठेवले होते आणि नेमकी त्याच क्षणी शिंक आली. फोटोत मिरची नाही, नुसता तांबडा फराटा आहे. "बेडा री, बेडा," असे विक्रेता कळकळीने म्हणाला. 'बेडा' म्हणजे 'नको' एवढे मला समजते. पण नको ते काय, फोटो की शिंका, हे विचारण्याइतके कन्नड मला येत नाही.

निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या वांगीवाल्या काकांचा चेहरा फोटोत शंकरासारखा निळा आला, म्हणून मी तो कृष्णधवल करून त्यांना दाखवला. त्यांनी बराच वेळ निरखून विचारले, "कलरचं पैसं जास्त पडतंय काय?" मी ओशाळून अर्धा किलो वांगी घेतली.

घरी आल्यावर आत्याने पिशवी एका नजरेत निकालात काढली आणि कॅमेरा मागितला. वांगीवाल्यांचा फोटो तिने बोटाने शक्य तितका मोठा केला. त्यामागचा भाग मी मुद्दाम धूसर ठेवला होता. त्यासाठी लेन्सचे छिद्र पूर्ण, म्हणजे १.८ वर, उघडले होते आणि त्या धूसरपणाचा मला अभिमानही होता.

"मागं ती काटेरी वांगी दिसायलीत बघ," आत्या म्हणाली. "ती कशी दिली, ते तेवढं नीट काढायचं सोडून ह्या मेल्याचं तोंड कशाला काढलास?"