तक्रार नोंदवा हो!

गल्लीच्या तोंडाशी पुन्हा मोबाइल हिसकावला. बाइकवर दोघं, मागच्याने हात घातला आणि पसार! वर लोक म्हणतात, "जाऊ दे, कोण पोलिसांच्या नादी लागणार?" डोकं फिरतं हे ऐकून. अहो, नोंदच नसेल तर तिथे गस्त कशाच्या आधारावर वाढणार? कागदोपत्री आपली गल्ली शांतच ठरते. फोनवर *#०६# दाबलं की १५ आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसतो, तो आजच लिहून ठेवा. चोरीचा फोन त्यावरूनच ब्लॉक होतो. आणि ठाण्यात "हरवला" असं लिहायला लागले तर सही करू नका. हिसकावला म्हणजे हिसकावला! त्यात खांबावरचा तो बंद दिवा! खालून पोरी क्लासवरून एकट्या येतात, आणि महिनोन्महिने कुणी त्याला हात लावत नाही.