केबलवर स्पीड छापायला काय जातं यांचं?

“टाइप-सी आहे ना दादा, मग कुठलीही चालेल.” नाशिकमध्ये एमजी रोडला जा, कॅनडा कॉर्नरला जा, नाशिकरोडला जा. एक्स्टर्नल एसएसडीसाठी (बाहेरून जोडायच्या वेगवान डिस्कसाठी) केबल मागितली की काउंटरपलीकडून हेच ऐकायला मिळतं. डोक्यात जातं हे वाक्य. कुठलीही चालत नाही! टाइप-सी हा फक्त तोंडाचा आकार आहे. त्या तोंडाकडे बघून आतून डाटा किती वेगानं जाणार हे कुणालाच सांगता येत नाही, दुकानदारालाही नाही.

आणि फरक काय थोडाथोडका आहे? चार्जिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक टाइप-सी केबल आतून यूएसबी २.० असतात. म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट (आठ बिट म्हणजे एक बाइट). प्रत्यक्ष कॉपी होताना सेकंदाला ३५ ते ४० मेगाबाइट. तीच एसएसडी, तोच लॅपटॉप, तोच पोर्ट, फक्त १० गिगाबिटची केबल लावली की आकडा ९०० च्या पुढे जातो. लग्नाचं २०० जीबी शूटिंग पहिल्या केबलनं दीड तास खातं, दुसरीनं चांगल्या एसएसडीवर चार-पाच मिनिटांत उरकतं. माणूस हजारो रुपये घालून एसएसडी घेतो आणि शे-दीडशेच्या केबलपायी जुन्या पेन ड्राइव्हचा वेग भोगत बसतो. वर त्यालाच सांगतात, “लॅपटॉप जुना झालाय, रॅम वाढवा.” रॅमचा इथे काडीचा संबंध नाही.

खोक्यावर काय छापलेलं असतं ते नीट बघा. ६० वॅट, १०० वॅट, २४० वॅट, भल्यामोठ्या अक्षरांत. वॅट म्हणजे वीज, डाटा नव्हे. २४० वॅटची जाडजूड, विणलेल्या आवरणाची केबलसुद्धा डाटाला २.० असू शकते, आणि पुष्कळदा असतेच. कारण साधं आहे. पूर्ण टाइप-सी केबलमध्ये यूएसबी २.० च्या जोडीशिवाय वेगवान डाटासाठी तारांच्या आणखी चार जोड्या लागतात, त्यांना नीट शील्डिंग, म्हणजे बाहेरचा व्यत्यय अडवणारं आवरण, लागतं. त्यानं खर्च वाढतो, केबल जाड होते, वळायला कडक होते. गिऱ्हाइकाला मऊ आणि लांब केबल हवी असते, मग त्या जोड्या गाळून टाकतात. गाळा की! चार्जिंगला त्या लागतच नाहीत. पण मग खोक्यावर “डाटा ४८० मेगाबिट” असं लिहा. किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष हे सगळं २०११ च्या वजनमापाच्या नियमांमुळे पाकिटावर छापावंच लागतं, तिथे आणखी एक आकडा छापायला काय जातं? काहीजण लिहितात ते “हाय स्पीड डाटा”. आणि ४८० मेगाबिटचं अधिकृत नावच ‘हाय स्पीड’ आहे. म्हणजे खोटं बोलल्याचा आरोपही करता येत नाही!

नावांचा घोळ तर संतापजनक. २००८ साली यूएसबी ३.० आलं, वेग ५ गिगाबिट. २०१३ मध्ये त्याच वेगाचं नाव झालं ३.१ जेन १. २०१७ मध्ये पुन्हा बारसं, ३.२ जेन १. वेग तोच, ५ गिगाबिट. १० गिगाबिट हवं असेल तर जेन २. आणि २० गिगाबिटचं नाव जेन २ बाय २. नुसतं “यूएसबी ३.२” छापलेली वस्तू ५ ची असू शकते, १० ची असू शकते, २० ची असू शकते. ज्या संस्थेनं हे घातलं तिनंच २०२२ मध्ये ठरवलं की लोकांसमोर सरळ ५, १०, २०, ४० गिगाबिट असे आकडे लिहावेत. शहाणपण सुचलं, पण आपल्या बाजारातल्या सगळ्या खोक्यांवर ते अजून उतरलेलं नाही.

त्यातली २० गिगाबिटची एसएसडी हा वेगळाच सापळा. सेकंदाला दोन हजार मेगाबाइट असं खोक्यावर असतं, आणि असते ती तेवढी. पण लॅपटॉपच्या पोर्टलाही जेन २ बाय २ यायला हवं, आणि बहुतेक लॅपटॉपना ते येत नाही. एम१ आणि त्यानंतरच्या चिपांच्या बऱ्याच मॅकबुकांनाही नाही. तिथे ती १० वर उतरते. पोर्टला येत नसेल तर त्या जादा पैशांचं काहीही मिळत नाही, १० गिगाबिटचीच घ्या. हे विकताना कुणी सांगतं का? नाही सांगत.

यूएसबी-ए तोंडाचं निदान डोळ्यांनी तपासता येतं. प्लग उजेडात धरून आत बघा. पुढे चार चपट्या पट्ट्या दिसतील. त्यांच्या मागे, खोलात, आणखी पाच बारीक पिना दिसल्या तर केबल ३.० ची. चारच दिसल्या तर २.०, मग प्लास्टिक निळं असो की लाल. निळा रंग कुणीही ओततो. आणखी एक: हा प्लग सावकाश घातला तर पुढच्या चार पट्ट्या आधी टेकतात आणि लॅपटॉप त्याला २.० समजून बसतो. काढून एका झटक्यात घाला, बऱ्याचदा वेग परत येतो.

पोर्टेबल हार्ड डिस्कचं ते रुंद, मध्ये खाच असलेलं तोंड, मायक्रो-बी, त्यावर वेगळा राग आहे. अत्यंत नाजूक. केबल लावलेली डिस्क बॅगेत कोंबायची, सातपूर-अंबडच्या कंपनीत डिझाइनच्या फायली घेऊन बाइकवर न्यायची, महिन्या-दोन महिन्यांत ते तोंड ढिलं पडतं. मग डिस्कचा संपर्क मध्येच तुटतो, पुन्हा जोडला जातो, आणि लिहिता लिहिता तुटला की फाइल सिस्टिम खराब. केबल कायम काढून न्यायची, यात चालढकल नको. कारण अशा अनेक डिस्कमध्ये आत साटा जोड (डिस्कचा नेहमीचा जोड) नसतोच, यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डावर झाळलेलं असतं. सॉकेट उखडलं की डिस्क काढून दुसऱ्या केसिंगमध्ये (डब्यात) घालायची सोय नाही. डाटा रिकव्हरीवाल्याचं बिल डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होतं.

केसिंगमध्येही तीच फसवाफसवी. एम.२ एसएसडीचं केसिंग मागितलं की एक खोकं हातात ठेवतात. एम.२ हाही नुसता आकारच! आतली एसएसडी साटा आहे की त्याहून वेगवान एनव्हीएमई, हे विचारल्याशिवाय केसिंग देणारा माणूस तुमचे पैसे वाया घालवतोय. फक्त साटाचं केसिंग एनव्हीएमईला ओळखणार नाही आणि उलटही तेच. दोन्ही चालवणारी केसिंग मिळतात, रिअलटेक आरटीएल९२१०बी चिपची. थोडे जादा पडतात, पण तीच घ्या. सोबतचा थर्मल पॅड (उष्णता बाहेर नेणारी मऊ पट्टी) फेकू नका. एनव्हीएमई तापते, आणि तापली की स्वतःच वेग कमी करते.

आणि ती १६ टीबीची दीड हजारातली “एसएसडी”! खरी ८ टीबीची पोर्टेबल एसएसडीच निदान पाच आकडी रक्कम घेते, मग ही कुठून येणार? उघडली तर आत मेमरी कार्ड, कार्ड रीडर, आणि वजन लागावं म्हणून लोखंडाचा तुकडा. चिपमध्ये खोटा आकडा घातलेला असतो, म्हणून विंडोजही १६ टीबीच दाखवतं. कार्ड भरलं की पुढचा डाटा जुन्यावर लिहिला जातो किंवा हवेत जातो. फाइलींची नावं दिसतात, पण त्या उघडत नाहीत. पोराच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो असे जातात, आणि विकणारा म्हणतो तुम्ही सेफली रिमूव्ह केलं नसेल. नवी डिस्क घेतली की आधी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा मॅक-लिनक्सवर एफ३ चालवून पूर्ण भरून तपासा, मगच डाटा टाका. वेळ लागतो, लागू द्या. (१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते ती फसवणूक नव्हे, तो हजार आणि १०२४ च्या हिशेबाचा फरक आहे.)

२०२७ च्या सिंहस्थाला या गावात ड्रोन आणि कॅमेऱ्यांचं किती फुटेज साठणार आहे, विचार करा. ते सगळं “कुठलीही चालेल”च्या भरवशावर कॉपी करणार का?

दुकानात गेलात की “टाइप-सी केबल द्या” म्हणूच नका. “१० गिगाबिट डाटाची, एक मीटर किंवा कमी लांबीची” असं म्हणा. दोन-तीन मीटरची साधी केबल १० गिगाबिटला नकोच. लॅपटॉप आणि एसएसडी सोबत न्या, तिथेच पाच जीबीची एक फाइल कॉपी करा. पोर्ट वेगवान असूनही आकडा सेकंदाला चाळीस मेगाबाइटच्या आसपास अडकून बसला तर केबल २.० ची आहे, तिथल्या तिथे परत द्या. मॅकवर सिस्टिम रिपोर्टमध्ये यूएसबीखाली वेग लिहून येतो. आणि बिलावर “१० गिगाबिट डाटा” लिहून घ्या. लिहायला का-कू करत असतील तर पैसे खिशात ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.