‘इतिहास’ ही ‘राजे’ची नक्कल नाही

बायबलचा जुना करार वाचायला घेतलेली बरीच मंडळी 1 इतिहासापाशी, म्हणजे ‘इतिहास’ या पुस्तकाच्या पहिल्या भागापाशी, अडखळतात. आधी नऊ अध्याय वंशावळ्या, पुढे राजा दावीद, त्याचा मुलगा शलमोन, यहूदा या ज्यू राज्याचे राजे, म्हणजे शमुवेल आणि राजे या पुस्तकांत नुकतंच वाचलेलं. मग पानं भराभर उलटली जातात. मला हे फार खटकतं. ज्यांचं राज्य गेलं, राजा गेला, त्यांच्यासाठी लिहिलेलं हे पुस्तक आहे आणि ते तसंच वाचायला हवं.

मूळ हिब्रूत हे एकच पुस्तक. दोन भाग ग्रीक भाषांतरात पडले. बहुतेक अभ्यासक ते इ.स.पूर्व चौथ्या शतकाच्या आसपासचं मानतात. तिसऱ्या अध्यायात दाविदाचा वंश बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातून परतलेल्या जरुब्बाबेलाच्याही पुढे कित्येक पिढ्या जातो, त्यावरूनच काळ उघड होतो. तेव्हा यहूदा हा पर्शियन साम्राज्यातला एक छोटा प्रांत होता. ‘आपण का बुडालो?’ याचं उत्तर ‘राजे’ने देऊन झालं होतं. आता प्रश्न होता, आपण अजून तेच लोक आहोत का, आणि परतीची वाट उघडी आहे का?

वाचताना दोन्ही पुस्तकं शेजारी उघडी ठेवा. 2 शमुवेल 11 ची सुरुवात आणि 1 इतिहास 20 ची सुरुवात जवळपास सारखी: दाविदाचा सेनापती यवाब राब्बा या शत्रूच्या नगराला वेढा घालतो, दावीद यरुशलेमेत राहतो. शमुवेलात लगेच बथशेबा येते, दाविदाने जिच्याशी व्यभिचार केला ती. ‘इतिहासा’त थेट राब्बा पडतं.

लेखकाने दाविदाचे दोष झाकले, असं यावरून म्हटलं जातं. मला ते पटत नाही. पुढच्याच अध्यायात दाविदाने केलेली शिरगणती आणि त्यापायी आलेली मरी सविस्तर आहे. ती का ठेवली? कारण ती मरी अर्णान नावाच्या माणसाच्या खळ्यावर थांबली आणि मंदिर त्याच जागी उभं राहिलं (2 इतिहास 3:1). या लेखकाची निवड मंदिराभोवती फिरते. म्हणून तर 38,000 लेव्यांची (मंदिरसेवा करणाऱ्या वंशातल्या लोकांची) वाटणी तो बारकाईने देतो: 24,000 मंदिराच्या कामावर, 6,000 अंमलदार व न्यायाधीश, 4,000 द्वारपाळ, 4,000 वादक. राजा नसलेल्या समाजाला उपासनेची ही घडीच एकत्र धरणार होती. आकडे मात्र हिशेबाच्या वहीसारखे घेऊ नका; सोन्याचे एक लाख तालांत (तालांत हे जुनं मोठं वजन) हा थोरवी सांगणारा आकडा आहे.

सगळ्यात मोठा फरक मनश्शेत. 55 वर्षं राज्य केलेला हा राजा ‘राजे’त यहूदाच्या नाशाचं कारण ठरतो. 2 इतिहास 33 मध्ये अश्शूरचे (असीरियाचे) सरदार त्याला बेड्या घालून बाबेलला नेतात, तिथे तो नम्र होऊन प्रार्थना करतो आणि देव त्याला यरुशलेमेत परत आणतो. बंदिवास, पश्चात्ताप, घरवापसी: तेव्हाच्या वाचणाऱ्याच्या आजोबा-पणजोबांची कहाणी एका दुष्ट राजाच्या अंगावर चढवलेली आहे.

2 इतिहास 7:14 आज भिंतीवर लावायचं सुटं वचन झालं आहे. ‘माझे लोक नम्र झाले तर मी त्यांचा देश बरा करीन’ हे शलमोनाला मंदिराच्या अर्पणानंतर दिलेलं उत्तर आहे, आणि पुढे रहबाम, हिज्कीया, मनश्शे या राजांच्या कथांत ‘नम्र झाला’ हे शब्द पुन्हा येतात. त्या तीन कथा वाचल्याशिवाय ते वचन उचलू नका. आणि वंशावळ्या अगदी शेवटी वाचा, त्यातही नववा अध्याय आधी: बंदिवासातून परतून यरुशलेमेत कोण राहायला आलं, त्याची यादी तिथे आहे.