टायटॅनियमला कीड लागत नाही, पण हाडाचं काय?

गेल्या महिन्यात तपासणीला आलेल्या एका काकूंनी खुर्चीत बसण्याआधीच मोबाईल माझ्यापुढे धरला. "डॉक्टर, आधी हे वाचा. माझं इम्प्लांट आता काढून टाकावं लागेल का?" तो मेसेज तुमच्याही घरच्या ग्रुपवर आला असेल. इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावरची दातासारखी कॅप. मेसेज म्हणतो: इम्प्लांट एकदा बसवलं की मरेपर्यंत बघायला नको. टायटॅनियमला कीड लागत नाही, म्हणून घासायची फारशी गरज नाही. काही बिघडलंच तर दुखेल, तेव्हा डॉक्टर गाठा. आणि शुगर असेल किंवा साठी उलटली असेल तर या भानगडीत पडूच नका.

काकूंचं वय ६६, शुगर आहे, आणि दाढेचं इम्प्लांट तीन वर्षांपूर्वीचं. घाबरणारच. मी हिरड्यांचे आजार बघते, त्यामुळे या मेसेजवर विसंबून राहिलेली माणसं शेवटी माझ्याकडेच येतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"मरेपर्यंत" हे साफ खोटं नाही. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली योस्टा लार्सन नावाच्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ साली वारले, तोवर ते इम्प्लांट काम देत होते. दहा वर्षांनंतरही शंभरातले साधारण ९५ इम्प्लांट जागेवर असतात. पण जागेवर असणं आणि निरोगी असणं यात फरक आहे. शिवाय मेसेज लिहिणाऱ्याने हाडातला स्क्रू आणि वरची कॅप एकच धरली आहे. कॅप रोज चावते, झिजते, तिचा टवका उडतो. दहा-पंधरा वर्षांत ती बदलावी लागली, तर इम्प्लांट वाया गेलं असं समजू नका.

आता कीड. टायटॅनियमला ती लागत नाही, हे खरं. पण इम्प्लांट उभं असतं ते हाडाच्या जोरावर. आपल्या दाताच्या मुळात हिरडीचे धागे आडवे शिरून घट्ट रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते नुसते गळपट्टीसारखे वेढून असतात, धातूत शिरत नाहीत. त्यामुळे दातावर बसतो तोच चिकट थर इथे बसला की जंतूंना खाली उतरायला वाट सोपी. आधी हिरडी लाल होते, घासताना रक्त येतं. तेवढ्यात नीट सफाई झाली तर ती पूर्ववत होते. दुर्लक्ष केलं की सूज हाडापर्यंत पोचते, आणि झिजलेलं हाड पूर्ण भरून आणणं फार अवघड. इम्प्लांट केलेल्या साधारण दर पाच जणांत एकाला पुढेमागे हा त्रास होतो. म्हणजे इथे घासणं जास्तच काळजीने हवं.

सर्वांत घातक वाक्य "दुखेल तेव्हा या" हे. दात आणि हाड यांच्यामध्ये एक नाजूक पडदा असतो, दाब-दुखणं त्यातून कळतं. इम्प्लांटला तो पडदाच नसतो. दोन वर्षांपूर्वी एक शेतकरी दादा आले, तक्रार एवढीच की सकाळी तोंडाला घाण चव येते. मी खालच्या दाढेजवळ हिरडीवर बोट दाबलं आणि कॅपच्या कडेने पिवळा पू वर आला. एक्स-रेत स्क्रूभोवती हाडाची वाटी झालेली, टोकाशी जेमतेम आधार उरलेला. ते इम्प्लांट काढावं लागलं. दादा म्हणाले, "एक दिवस दुखलं नाही हो, दुखलं असतं तर धावत आलो असतो." मला त्यांचा राग आला नाही. वाईट वाटलं, कारण त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

शुगरचं म्हणाल, तर तीन महिन्यांची सरासरी साखर ताब्यात असली की इम्प्लांट टिकतं. ती मोकाट असेल तर आधी ती खाली आणायची. वयाला वरची मर्यादा नाही. खालची आहे: जबडा वाढत असलेल्या मुलांना थांबवतो, कारण बाजूचे दात वर सरकतात आणि इम्प्लांट तिथेच राहतं. खरा शत्रू मेसेजमध्ये नाहीच, तो म्हणजे तंबाखू. विडी असो, गुटखा असो की मिश्री. "मी फक्त मिश्री लावते," असं म्हणणाऱ्या आज्यांनाही मी हेच सांगते. आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असतील, तर ते दाताच्या डॉक्टरांना आधी सांगा.

काकूंच्या हातात आरसा देऊन मी बाटली धुवायच्या ब्रशची चिमुकली आवृत्ती वाटावी असा फटीतला ब्रश दाखवला. रोज रात्री तो कॅपच्या दोन्ही बाजूंनी हिरडीलगत आत-बाहेर फिरवायचा. शिवाय दोन वेळा मऊ ब्रश. सहा महिन्यांनी तपासणी, डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे. झोपेत दात खात असाल तर रात्री दातांवर घालायचा गार्ड. कॅप हलतेय असं वाटलं तर त्या बाजूने चावणं बंद करून लगेच दाखवा. पुष्कळदा कॅपला धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो आणि तो घट्ट करता येतो.

आणखी एक. इम्प्लांटच्या कंपनीचं नाव आणि माप लिहिलेलं कार्ड मागून घ्या. गाव बदलतं, डॉक्टर निवृत्त होतात, आणि दुसऱ्या कंपनीचा पाना त्या स्क्रूला बसेलच असं नाही. काकूंकडे ते नव्हतं. त्यांनी माझ्यासमोरच आपल्या आधीच्या दवाखान्यात फोन लावला.