‘मन लावून’ मालिका बघण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

खरं तर उत्तर देणार नव्हतो. पण तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य रात्रभर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की मालिकेचा शेवट पटला नाही तर खुशाल शिव्या घाला, पण शेवट बदलून मागू नका. आणि कादंबऱ्यांची मालिका अर्धवट राहिली म्हणून लेखकाच्या दारात वसुलीला उभे राहू नका. त्यावर यांचं म्हणणं असं: प्रेक्षक वेळ देतो, जाहिराती सोसतो, तेव्हा शेवट हे त्याचं येणंच आहे, ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधला मेलेला नायक मिहीर लोक चिडले म्हणूनच परत आला, हॉटेलात अर्धी थाळी वाढली तर आपण गप्प बसतो का? आणि मग ते वाक्य: ‘तुम्ही आयुष्यात एकही मालिका मन लावून बघितलेली दिसत नाही. दक्षिण मुंबईत बसून असले उपदेश सुचतात.’

दक्षिण मुंबई! अहो, मी लालबागचा. लालबाग लोकसभेच्या दक्षिण मुंबई मतदारसंघात मोडतं, तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर, मान्य. पण तुमच्या डोळ्यांसमोर जी दक्षिण मुंबई आहे तिथे संडासाला रांग लावावी लागत नाही.

आता ‘मन लावून’. १९९९ साली ‘आभाळमाया’ सुरू झाली तेव्हा मजल्यावर केबल दोनच घरांत होती, त्यातलं एक आमचं. त्या वेळेला आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, आणि मी कॉटखाली पालथा पडून बघायचो. पुढे ‘चार दिवस सासूचे’ आलं. २००१ ते २०१३, तीन हजारांहून जास्त भाग. माझी आई सख्ख्या बहिणीच्या तेराव्याहून रिपीट टेलिकास्ट गाठायला वेळेत घरी आली होती. याला मन लावणं म्हणत नसतील तर तुमचा काही वेगळा निकष असेल, तो कळवा.

आणि एवढ्यावर थांबत नाही. मी काही काळ एका मालिकेचे संवाद लिहिलेत. चॅनेलचं नाव सांगणार नाही. सेट घोडबंदर रोडच्या आत होता, आणि नटांचा मेकअप चालू असताना सीन व्हॉट्सॲपवर जायचे. गुरुवारी टीआरपी यायचा, शुक्रवारी कथेचा ट्रॅक बदललेला असायचा. नायिकेच्या आईचं एक गुपित आम्ही महिनोन् महिने ताणलं होतं. मग निरोप आला, स्लॉट दुसऱ्यांना दिलाय, गुंडाळा. ते गुपित डायनिंग टेबलवर, डाळ वाढता वाढता, चार वाक्यांत उरकलं. ती चार वाक्यं मी लिहिली. नंतर फेसबुकवर ज्या शिव्या आल्या त्याही मलाच आल्या. एका बाईंनी विचारलं होतं, ‘लेखकाला घरी आई नाही का?’ होती ना. त्या रात्री तीही माझ्याशी धड बोलली नाही.

तेव्हा शेवट खटकल्यावर काय होतं हे मला तुम्ही शिकवू नये. तुमचा राग खोटा आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तो ज्याच्यावर काढता त्याच्या हातात बहुतेकदा काही नसतं, एवढंच म्हणतोय. मराठी मालिकेत शेवट लिहिला जात नाही, वेळ संपते.

मिहीरचं उदाहरण तुम्ही हुकमाचा पत्ता म्हणून टाकलंत, पण ते तुमच्यावरच उलटतं. लोकांनी मागितला, मिळाला, आणि मालिका वीस-वीस वर्षांच्या उड्या मारत २००८पर्यंत चालली. मागून शेवट मिळाला का? भाग मिळाले.

थाळीबद्दलही तेच. अमेरिकन लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरी-मालिकेचं पहिलं पुस्तक १९९६चं, पाचवं २०११चं, सहाव्याची वाट लोक अजून बघतायत. तुम्ही पाच विकत घेतलीत, पाच वाचलीत. सहाव्याचे पैसे तुमच्याकडून कुणी घेतलेले नाहीत, मग थाळी अर्धी कुठली? बरं, त्याच पुस्तकांवरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही टीव्ही मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली आणि २०१९मध्ये रीतसर संपलीही. झालं का समाधान? शेवटचा सीझन पुन्हा बनवा म्हणून दहा लाखांहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या. म्हणजे शेवट नसला तरी येणं, आणि असला तरी येणंच.

जाहिराती आणि ओटीटीच्या वर्गणीबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय. त्यात आत्ता शिरत नाही. ज्याला परवडत नाही त्याने वर्गणी बंद करावी. ‘लेखात नुसता अहंकार आहे’ यालाही माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या लेखात माझाच अहंकार असणार, शेजाऱ्याचा कुठून आणू?

आणि एक. प्रतिक्रियेखाली तुम्ही ‘एक नियमित वाचक’ एवढंच लिहिता. मी नावानिशी लिहितो, तुम्ही आडून. पुढच्या वेळी नाव लिहिलंत तर सविस्तर बोलू. तोवर ‘मन लावून’वालं वाक्य तेवढं मागे घ्या.