अ‍ॅडमिनला वठणीवर कसं आणाल?

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन हा तुमचा पगारी नोकर आहे, हे आधी मनाशी पक्कं करा. पगार कोण देतं, या चौकशीत पडू नका. वार्षिक सभेत "तुला मोबाईलमधलं कळतं, तूच बघ" म्हणून हे लोढणं त्याच्या गळ्यात अडकवलं, तेव्हा तुम्ही समोशांच्या टेबलाशी होतात. तेही विसरा.

पहाटे पाचला गुलाबाचं फूल आणि सुविचार टाका. त्यानं हरकत घेतली तर "सुप्रभातचंही वावडं?" असं विचारा.

पाणी गेलं, त्याला टॅग करा. लिफ्ट अडकली, त्याला टॅग करा. सातव्या मजल्यावरचं ड्रिल मशीनही त्याच्याच अखत्यारीत येतं.

रात्री साडेअकराला राजकारणावरून जुंपा. त्यानं आवरलं तर तो विकला गेलाय, नाही आवरलं तर मिंधा आहे.

ग्रुप सोडताना गुपचूप सोडू नका. २०२२ पासून कोण गेलं याची सूचना फक्त अ‍ॅडमिनलाच जाते, मग रुसण्यात काय मजा? आधी लांबलचक निरोपपत्र टाका, चारजणांना "काका, नका ना जाऊ" म्हणू द्या, आणि मग राहा.

अधूनमधून "सायबर सेलला तुझं नाव देईन" म्हणत जा. सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत असल्याशिवाय, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय. एवढी एक गोष्ट मात्र फॉरवर्ड करू नका.

आता रामबाण उपाय. तुमचा मेसेज त्यानं उडवला, की "अधिकार कुणी दिला?" असं विचारायचं. आमच्याकडे गेल्या आठवड्यात याचा गुण आला. मागच्या गल्लीत बोहारीण बसली होती. शेजारी जुन्या साड्यांचं बोचकं, पुढ्यात स्टीलची पातेली. कुणीतरी बाल्कनीतून तिचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, "मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात, जास्तीत जास्त पाठवा." सोबत एका 'इन्स्पेक्टर'चा ऑडिओ. ना नाव, ना ठाणं, मागे कुकरची शिट्टी! मी दोन्ही डिलीट केलं. लगेच "हुकूमशाही" सुरू. "आम्ही काळजीपोटी टाकलं." "तू खात्री करून घेतलीस का?" हे मला! ज्यानं फोटो टाकला त्याला एकानंही विचारलं नाही. तोवर तो फोटो शाळेच्या पालक ग्रुपवर पोचलाही होता. आणि वर सवाल, "उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

काही झालं तर? अहो, होऊन गेलंय. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा, १ जुलै २०१८. आठवडी बाजारात भिक्षा मागायला आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं. मुलं पळवणारे समजून जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारून टाकलं. ती अफवाही मोबाईलवरूनच फिरत होती, आणि पाठवणाऱ्यांनाही मुलांची काळजीच होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. तुम्ही आता पाच-पाच करून पाठवता.

उपाय बास झाले. गुलाबाची फुलं टाका, मला शिव्या द्या, लिफ्टसाठी रात्री फोन करा, सगळं ऐकून घेईन. पण एका गरीब बाईचा चेहरा दोनशे घरांत चोर म्हणून फिरवायचा आणि तो काढणाऱ्यालाच जाब विचारायचा, याला काळजी म्हणत नाहीत, याला बेजबाबदारपणा म्हणतात. ती बाई वर्षानुवर्षं याच गल्लीत येते. तुमच्याच घरातून जुने कपडे नेते, घासाघीस करून तुम्ही तिच्याकडून एक डबा जास्तीचा घेता. तेव्हा ती टोळीतली नव्हती?

फोटो पुन्हा टाकलात तर पुन्हा काढीन. आणि अधिकाराचं विचारायचं असेल तर पार्किंगमध्ये या आणि तोंडावर विचारा.